'दृश्यमाध्यम' नावाची अंधश्रद्धा आणि बिली वाइल्डर

'चित्रपट हे दृश्यमाध्यम आहे' हे वाक्य आपल्याकडे चित्रपटाविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांच्या तोंडी इतके रुळले आहे की आता त्याचा मंत्र झाला आहे. फिल्म सोसायटीच्या चर्चेत, रसास्वाद शिबिरात किंवा 'साहित्य आणि चित्रपट' या प्रश्नपत्रिकेच्या उत्तरात तो एकदा उच्चारला की पुढे विचार करण्याची गरज उरत नाही. मंत्राला अर्थातच उपमंत्र आहेत. संवाद जितके कमी तितका चित्रपट श्रेष्ठ. जो चित्रपट डोळे मिटूनही कळतो ते चित्रित नाटक. पटकथाकार म्हणजे चित्रपटाच्या घरातला पाहुणा, यजमान मात्र दिग्दर्शक. गंमत अशी, की या मंत्राचा सर्वांत श्रद्धेने जप करतात ते साहित्याचे प्राध्यापक. आपण पडलो शब्दवाले. दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला दाराबाहेर काढून ठेवाव्यात, तसे आपण शब्द बाहेर ठेवून आत शिरतो.

प्रस्तुत लेखाचा रोख या अनाठायी विनयावर आहे. त्यासाठी जो साक्षीदार बोलवायचा आहे, त्याला या मंत्राने सर्वाधिक काळ खालच्या पंक्तीत बसवले. बिली वाइल्डर हे त्याचे नाव. 'हुशार पटकथाकार, बरा दिग्दर्शक, शेरेबाज माणूस' ही त्याच्याविषयीची ठराविक शेरेपुस्तिका. १९४२ ते १९८१ या काळात त्याने पंचवीस अमेरिकन चित्रपट दिग्दर्शित केले, लेखन, दिग्दर्शन आणि निर्मिती मिळून सहा ऑस्कर पारितोषिके मिळवली, तरी 'पण दृश्यभाषा कुठे आहे?' हा प्रश्न त्याच्या पाठीमागे लागलेलाच राहिला. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्नच चुकीचा आहे. वाइल्डरच्या चित्रपटांत शब्द हा दृश्याचा प्रतिस्पर्धी नाही. दृश्याला अर्थ प्राप्त करून देणारी ती रचना आहे. हे ज्याला दिसत नाही त्याने चित्रपट पुरता पाहिलेला नाही.

प्रथम थोडा चरित्राचा भाग, कारण वाइल्डरचे शब्दाशी असलेले नाते त्यातूनच उलगडते. त्याचा जन्म २२ जून १९०६ रोजी सुखा या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या गॅलिशिया प्रांतात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वाढला तो व्हिएन्नात, आणि तिथेच वार्ताहर झाला. १९२६ साली तो बर्लिनला आला. तिथल्या एका हॉटेलात पैसे घेऊन पाहुण्या स्त्रियांबरोबर नाचण्याची नोकरी त्याने काही काळ केली आणि लगोलग त्या अनुभवावर वर्तमानपत्रात लेख लिहिले. जगलेल्या गोष्टीचा मजकूर करायचा, ही वार्ताहराची वृत्ती पुढे त्याला कधीच सोडून गेली नाही. चित्रपटाच्या इतिहासात त्याचे नाव ठळकपणे येते ते 'मेन्शेन आम झोनटाग' (१९३०) या चित्रपटाच्या लेखनामुळे. रॉबर्ट सिओडमॅक, एडगर उल्मर, फ्रेड झिनेमन ही पुढे हॉलिवूडमध्ये नावारूपाला आलेली माणसे त्याच्याबरोबर होती. बर्लिनमधल्या साध्या तरुण-तरुणींचा एक रविवार टिपणारा हा चित्रपट मूकपट आहे. ज्याला आपण 'केवळ संवादलेखक' म्हणतो, त्याची उमेदवारी शब्दावाचून चाललेल्या चित्रपटात झाली, ही नोंद मंत्रजपकर्त्यांनी करून ठेवावी.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि वाइल्डरने बर्लिन सोडले. पॅरिसमध्ये काही महिने काढून १९३४ साली तो अमेरिकेत पोहोचला. त्यावेळी त्याच्यापाशी इंग्रजी जवळजवळ नव्हतेच. ज्या माणसाची उपजीविका आणि ओळख दोन्ही जर्मन भाषेवर उभी होती, त्याची भाषाच तिशीच्या आत हिरावली गेली. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. निर्वासित चित्रकार आपले रंग बरोबर नेऊ शकतो, वादक वाद्य नेऊ शकतो. निर्वासित लेखकाला मात्र रिकाम्या हातांनी सीमा ओलांडावी लागते. वाइल्डरने इंग्रजी कानाने मिळवले, रेडिओ ऐकून आणि रस्त्यावरच्या बोलण्यातून. तिचा उच्चार त्याच्या जिभेवर अखेरपर्यंत परकाच राहिला. जी भाषा उपजत मिळते तिच्यातले साचे आपल्याला ऐकू येत नाहीत. जी कष्टाने मिळवावी लागते तिच्यातला प्रत्येक साचा खणखणतो. 'द अपार्टमेंट'मधली कचेरीतली मंडळी शब्दांना एकच ठराविक शेपूट जोडत बोलतात आणि त्या सवयीतूनच त्यांच्या सहीसलामत, पोकळ जगाची चाहूल लागते. ती ऐकणारा कान परक्याचाच असू शकतो.

अमेरिकेत त्याला चार्ल्स ब्रॅकेट हा सहलेखक भेटला. ब्रॅकेट अमेरिकन पूर्वकिनाऱ्यावरचा, कायद्याचा पदवीधर, 'न्यू यॉर्कर'चा माजी नाट्यसमीक्षक आणि राजकारणात रिपब्लिकन. वाइल्डर याच्या नेमका उलट. १९३६ साली पॅरामाउंटने या दोघांना एकत्र बसवले आणि १९५० पर्यंत ही जोडी टिकली. लुबिचसाठी 'निनोच्का' (१९३९, वॉल्टर राइशसह), मिचेल लायसनसाठी 'मिडनाइट' (१९३९) आणि 'होल्ड बॅक द डॉन' (१९४१), हॉवर्ड हॉक्ससाठी 'बॉल ऑफ फायर' (१९४१) अशा पटकथा त्यांनी लिहिल्या.

यातल्या 'होल्ड बॅक द डॉन'ची हकिकत प्रसिद्ध आहे आणि नेहमी चुकीच्या अर्थाने सांगितली जाते. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील एका गावात अमेरिकेच्या परवान्याची वाट पाहत अडकून पडलेल्या युरोपियन निर्वासिताची ही कथा. वाइल्डर स्वतः अशाच प्रतीक्षेतून गेलेला होता. पटकथेत एक प्रसंग होता: हॉटेलच्या कळकट खोलीत पडलेला नायक भिंतीवरून चालणाऱ्या झुरळाला काठीने अडवतो आणि सरकारी अधिकाऱ्याच्या थाटात त्याच्याकडे कागदपत्रे मागतो. नायकाचे काम करणाऱ्या शार्ल ब्वाये यांना हे वेडगळ वाटले. जे उत्तर देऊ शकत नाही त्याच्याशी बोलायचे कशाला, असा त्यांचा आक्षेप. लायसनने तो मान्य केला आणि प्रसंग गेला. यापुढे आपल्या पटकथा आपणच दिग्दर्शित करायच्या, असे वाइल्डरने ठरवले ते या व अशा अनुभवांतून.

चित्रपटसमीक्षक ही हकिकत सांगून सुचवतात, की बघा, हा दिग्दर्शक झाला तोही केवळ आपले संवाद वाचवण्यासाठी. म्हणजे मनाने तो लेखकच. पण जो प्रसंग कापला गेला तो नीट पाहा. एक खोली, एक माणूस, एक काठी, एक किडा. हा 'संवाद' आहे की 'दृश्य'? नुसते झुरळ दाखवले तर खोली घाणेरडी आहे एवढेच कळते. नुसता निर्वासितांच्या हालांवरचा संवाद घातला तर भाषण होते. अधिकाऱ्याची भाषा निर्वासिताच्या तोंडी आणि समोर झुरळ, असे झाले की माणसाला कीटकाच्या पातळीवर आणणारी सारी यंत्रणा अर्ध्या मिनिटात उभी राहते. यातला शब्द काढा, दृश्य मरते. दृश्य काढा, शब्द मरतो. वाइल्डरने जे वाचवायला कॅमेऱ्यामागची जागा घेतली, ते हे आहे.

आता आरोपपत्राचा इतिहास. १९५४ साली फ्रान्स्वा त्रुफो याने 'काइए द्यु सिनेमा'मध्ये फ्रेंच चित्रपटातल्या 'दर्जेदार परंपरे'वर हल्ला चढवला. त्याचा राग होता तो साहित्यकृतींची गुळगुळीत रूपांतरे करणाऱ्या पटकथाकारांवर आणि त्यांच्या मजकुरावर फक्त चित्रे चिकटवणाऱ्या दिग्दर्शकांवर. त्या काळच्या फ्रेंच परिस्थितीत या रागाला आधार होता. पण तरुणाच्या रागाचा पुढच्या पिढीने सिद्धान्त केला. अँड्र्यू सॅरिसने १९६२ मध्ये तो 'ऑतर थिअरी' म्हणून अमेरिकेत आणला आणि १९६८ मध्ये 'द अमेरिकन सिनेमा' या पुस्तकात हॉलिवूडच्या दिग्दर्शकांची चक्क वर्णव्यवस्था लावून दिली. सर्वांत वर देवमंडळ. खाली एका कप्प्याचे नाव साधारणपणे 'दिसतात त्याहून कमी' अशा अर्थाचे. त्यात जॉन ह्यूस्टन, विल्यम वायलर, एलिया कझान यांच्या शेजारी वाइल्डरला बसवण्यात आले, आणि त्याचा तुच्छतावाददेखील अस्सल नाही अशी पुस्तीही जोडली गेली.

'ऑतर' या फ्रेंच शब्दाचा अर्थ आहे लेखक. हा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी दिग्दर्शकाला मोठे करण्यासाठी साहित्याकडून जी पदवी उसनी घेतली, ती लेखकाची. आणि ती मिळताच पहिल्यांदा घराबाहेर काढले ते पटकथा लिहिणाऱ्या लेखकाला. दिग्दर्शक कॅमेऱ्याने 'लिहितो' हे कौतुकाने सांगायचे, पण तो लेखणीने लिहीत असेल तर त्याला हिणवायचे, असे हे तर्कशास्त्र. सॅरिसच्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे: १९९१ साली त्याने स्वतःच लेख लिहून वाइल्डरची जागा देवमंडळात आहे असे मान्य केले. मूळ पुजाऱ्याने मूर्ती हलवली, पण आपल्याकडे आरती जुन्याच चालीवर चालू आहे.

या सिद्धान्ताची परीक्षा घ्यायला 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) इतका चांगला चित्रपट नाही, आणि 'माध्यमांतर' हा घटक शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो वर्गात आणावा. कथा जेम्स केन यांच्या लघुकादंबरीची: विमा एजंट आणि एक विवाहिता मिळून तिच्या नवऱ्याचा खून करतात. ब्रॅकेट या कथेपासून दूर राहिला, म्हणून सहलेखक म्हणून आला रेमंड चँडलर. तो स्वतः रहस्यकथाकार, आणि पटकथालेखनात नवखा. केनचे संवाद फार खटकेबाज मानले जात. ते शक्यतो तसेच ठेवावेत असे वाइल्डरला वाटे, चँडलर मात्र ते बदलत होता. अखेर काही नटांकडून पुस्तकातले संवाद मोठ्याने वाचून घेतले गेले, आणि ते कानाला सपाट लागले. चँडलरचे म्हणणे असे होते, की हे संवाद कानासाठी लिहिलेलेच नाहीत, ते डोळ्यासाठी लिहिलेले आहेत. पानावर त्यांची मांडणी, तुटक ओळी, मोकळी जागा यांनी परिणाम होतो. केननेही पुढे ते मान्य केले.

या प्रसंगाने आपल्या मंत्राची पुरती उलटापालट होते. कादंबरीतला संवाद 'दृश्य' निघाला, आणि चित्रपटातला संवाद 'श्राव्य' म्हणून नव्याने लिहावा लागला. साहित्य म्हणजे शब्द आणि चित्रपट म्हणजे दृश्य ही सरधोपट वाटणी एका दुपारच्या वाचनात कोसळली. माध्यमांतर म्हणजे शब्दाकडून चित्राकडे जाणे नव्हे. माध्यमांतर म्हणजे एका प्रकारच्या शब्दाकडून दुसऱ्या प्रकारच्या शब्दाकडे जाणे हेदेखील आहे, आणि बहुतेकदा तेच अधिक अवघड असते.

याच चित्रपटातली आगकाडी घ्या. दावे तपासणारा कीज हा अधिकारी सदा सिगारसाठी काडी शोधत असतो आणि त्याचा तरुण मित्र नेफ दरवेळी अंगठ्याच्या नखाने काडी ओढून ती पेटवून देतो. शेवटी जखमी नेफ दारात कोसळतो, त्याला स्वतःची सिगारेट पेटवता येत नाही, आणि कीज त्याच्यासाठी काडी ओढतो. 'शुद्ध दृश्य' म्हणून हा शेवट वाखाणला जातो. परंतु हे दृश्य लिहिलेले आहे: पहिल्या काडीपासून शेवटच्या काडीपर्यंतची आवर्तने, त्यांतले अंतर, आणि अखेरची अदलाबदल ही पटकथेची रचना आहे. कवितेत ध्रुवपद बदलून आले की आपण त्याला रचनाकौशल्य म्हणतो. पडद्यावर तेच घडले की श्रेय फक्त कॅमेऱ्याला का जावे? आणखी एक नोंद: वाइल्डरने नेफला विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड होतो असा शेवट चित्रित केला होता आणि तो काढून टाकला. ज्याला दृश्याची जाण नाही असे म्हणतात, त्याने मोठ्या तयारीने चित्रित केलेले दृश्य एका काडीसाठी बाजूला ठेवले.

'सनसेट बुलेवार्ड' (१९५०) तर आपल्या वादावरच बेतला आहे. नॉर्मा डेस्मंड ही मूकपटाच्या काळातली विस्मृत तारका. चित्रपट बोलू लागला आणि शब्दांनी त्याचे वैभव घालवले, हे तिचे दुःख आहे. चेहऱ्यांच्या युगाची ती अखेरची राणी आहे. म्हणजे 'दृश्यमाध्यम' पंथाची ती आद्य महंतीणच. तिच्या घरात चुकून शिरतो तो जो गिलिस, एक कर्जबाजारी पटकथाकार. चित्रपटाचा निवेदक तोच, आणि तो मेलेला आहे. जलतरण तलावात तरंगणाऱ्या आपल्या प्रेताकडे बोट दाखवून तो गोष्ट सांगतो. मूळची सुरुवात शवागारात प्रेते एकमेकांशी बोलत आहेत अशी होती. पूर्वप्रदर्शनात प्रेक्षक हसले, म्हणून ती गेली.

एका लेखकाने बनवलेल्या चित्रपटात या वादाचा निकाल लेखकाच्या बाजूने लागेल, अशी अपेक्षा असते. वाइल्डर तसे करत नाही. ग्लोरिया स्वान्सन या खऱ्याच मूकपट-तारकेला तो नॉर्मा म्हणून आणतो. एरिक फॉन स्ट्रोहाइम या खऱ्याच मूकपट-दिग्दर्शकाला तिचा नोकर करतो. त्या दोघांच्या 'क्वीन केली' या चित्रपटाचा तुकडा तिच्या दिवाणखान्यात दाखवतो. पत्ते खेळायला बस्टर कीटनला बसवतो. त्या मूक चेहऱ्यांना तो जी भव्यता देतो ती शब्दाच्या कैवाऱ्याकडून अपेक्षित नसते. पण त्याचवेळी एक गोष्ट तो विसरू देत नाही: शब्दांना शिव्या देणाऱ्या या बाईने पुनरागमनासाठी स्वतः एक अवाढव्य पटकथा लिहून ठेवली आहे, आणि ती सुधारण्यासाठीच तिला लेखक हवा आहे. लेखकावाचून तिचे चालत नाही, आणि लेखकाला तिच्यावाचून घर नाही. दोघेही एकमेकांचा नाश करतात. चित्रपटातला शब्द आणि दृश्य यांच्या संबंधावर याहून सखोल निबंध आमच्या वाचनात नाही.

आता 'द अपार्टमेंट' (१९६०). एका विमा कंपनीतला बॅक्स्टर हा कारकून बढतीच्या आशेने आपली खोली वरिष्ठांना त्यांच्या चोरट्या भेटींसाठी देत असतो. या चित्रपटाच्या दृश्यरचनेबद्दल नेहमी अलेक्झांडर ट्रॉनर यांच्या कचेरीचे उदाहरण दिले जाते. दूर दूर लहान होत गेलेल्या मेजांच्या रांगा; मागच्या रांगांत खरोखरच लहान मेजे ठेवून निर्माण केलेला अथांगपणाचा भास. नेपथ्य थोर आहेच. पण त्यापूर्वी आपण काय ऐकलेले असते? बॅक्स्टरचा आवाज आपल्याला न्यू यॉर्कची लोकसंख्या आणि कंपनीतल्या ३१,२५९ नोकरांचा आकडा सांगत असतो. आपले माणूसपण आकड्यांतून मोजायची सवय लागलेला हा आवाज कानात घेऊन आपण त्या रांगांकडे पाहतो, म्हणून त्या रांगा नुसत्या मोठ्या वाटत नाहीत, भयाण वाटतात.

आणि फुटका आरसा. बॅक्स्टरला आपल्या खोलीत कुणा स्त्रीची तडा गेलेल्या आरशाची पावडरची डबी सापडते. तो ती साहेबाला परत देतो. पुढे लिफ्टवरच्या ज्या फ्रॅन कुबेलिकवर त्याचे मन जडले आहे, ती त्याला नवी टोपी पाहायला आपली डबी देते. तो आरशात पाहतो, आपला दुभंगलेला चेहरा दिसतो, आणि त्याला सारे कळते. आरसा फुटला आहे, एवढेच तो म्हणतो. ती सांगते, की तिला तो तसाच आवडतो, कारण मनात जशी ती आहे तशीच त्यात दिसते. येथे 'दृश्य' कुठे संपते आणि 'संवाद' कुठे सुरू होतो? आरशाने त्याचे रहस्य उलगडले, वाक्याने तिचे. दोघांची दुःखे एका वस्तूत भेटली. ही प्रतिमा ज्या विद्यार्थ्याला कवितेत कळते, त्याला ती चित्रपटातही कळू द्यावी; त्यासाठी त्याला शब्द बाहेर ठेवायला सांगू नये.

प्रतिपक्षाचे काही म्हणणे खरे आहे, ते मान्य करायला हवे. वाइल्डरचा कॅमेरा स्वतःकडे लक्ष वेधत नाही. वेल्स किंवा मुर्नाऊ यांच्यासारखी एखादी चौकट भिंतीवर टांगावी अशी त्याच्याकडे क्वचितच मिळते, आणि 'सनसेट बुलेवार्ड'मधला तलावाच्या तळातून दिसणारा मृतदेह हा त्यातला अपवाद. उत्तरार्धातले काही चित्रपट शब्दबंबाळ आहेत, 'बडी बडी' (१९८१) हा शेवटचा तर थकलेलाच आहे. परंतु शब्द वाईट वापरला गेला तर तो दोष शब्दाचा नव्हे, वापराचा. सुंदर चौकटींचे कंटाळवाणे चित्रपट काय थोडे आहेत? त्यावरून कुणी दृश्याला हद्दपार करा म्हणत नाही.

दुसरा आरोप तुच्छतावादाचा. आणि तोही मुळात शब्दांच्या अविश्वासातूनच आला आहे. माणूस बोलतो तिखट, म्हणजे त्याला कशाचीच चाड नाही, असे गृहीत धरले जाते. १९४५ साली वाइल्डर अमेरिकन सैन्याच्या सेवेत जर्मनीला परतला आणि छळछावण्यांच्या चित्रीकरणातून तयार झालेल्या 'डी टोडेसम्युलेन' या लघुपटाच्या संकलनावर त्याने देखरेख केली. त्याची आई, सावत्र वडील आणि आजी नाझी संहारात बळी पडली. आई आउश्वित्झमध्ये गेली असे तो मानत आला. पुढच्या संशोधनातून तिचा अंत १९४३ साली प्लाशोव्हच्या छावणीत झाल्याचे पुढे आले. या माणसाने १९४८ साली बर्लिनच्या खऱ्या ढिगाऱ्यांतून 'अ फॉरिन अफेअर' हा विनोदी चित्रपट काढला, त्यात विजेत्या अमेरिकनांचा दांभिकपणाही सोडला नाही. 'स्टॅलाग १७' (१९५३) च्या जर्मन आवृत्तीत छावणीतला हेर जर्मनऐवजी पोलिश दाखवावा, असे पॅरामाउंटकडून सुचवले गेले तेव्हा तो संतापला आणि त्या स्टुडिओशी असलेले त्याचे नाते संपले. ज्याला कशाचीच चाड नसते तो एका शब्दाच्या बदलासाठी घर सोडत नाही.

'एस इन द होल' (१९५१) हा त्याचा सर्वांत कडवट चित्रपट. बढतीच्या नादात एक वार्ताहर गुहेत अडकलेल्या माणसाची सुटका मुद्दाम लांबवतो, बाहेर जत्रा भरते, प्रवेशाच्या दराची पाटी वाढत जाते, आणि आतला माणूस मरतो. खरे सांगा असा भरतकाम केलेला मजकूर वृत्तपत्राच्या कचेरीत भिंतीवर टांगलेला असतो. अमेरिकन प्रेक्षकांनी चित्रपट नाकारला. पण यातला संताप कशाविषयी आहे? वार्ताहरानेच शब्द विकायला काढला, याविषयी. पूर्वी वार्ताहर असलेल्या माणसाने आपल्याच व्यवसायावर भरलेला हा खटला आहे. शब्दावर ज्याची श्रद्धा नाही, त्याला शब्दाच्या भ्रष्टाचाराचा इतका राग येत नाही.

आणखी एक गोष्ट ऑतरवाद्यांच्या पचनी पडत नाही. वाइल्डरने आपल्या अमेरिकन चित्रपटांपैकी एकाचीही पटकथा एकट्याने लिहिली नाही. ब्रॅकेटनंतर निरनिराळे सहलेखक झाले, आणि १९५७ पासून आय. ए. एल. डायमंड हा रुमेनियातून लहानपणी आलेला, न्यू यॉर्कमध्ये वाढलेला लेखक बरोबर आला. दोघांनी १९८१ पर्यंत बारा चित्रपट लिहिले. 'सम लाइक इट हॉट' (१९५९) चे जगप्रसिद्ध शेवटचे वाक्य, ज्यात लग्नाला निघालेला धनिक समोरची 'वधू' पुरुष असल्याचे ऐकूनही जागचा हलत नाही, ते डायमंडचे. त्या वेळी दोघांनी ते तात्पुरते म्हणून घातले होते. हे वाइल्डर स्वतः सांगत असे, श्रेय वाटून देत असे. ही एकट्या प्रतिभावंताची गोष्ट नाही. दोन माणसे रोज एका खोलीत बसून एक वाक्य दहा वेळा मोडतात, ही ती गोष्ट आहे. आपल्याला कवीची झपाटलेली एकांतप्रतिमा आवडते, म्हणून आपण चित्रपटातही तशीच मूर्ती शोधतो. दिग्दर्शकाचे देवत्व हा मुळात रोमँटिक काव्यकल्पनेचा शिळा अवशेष आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तो ओळखायला हवा होता.

मग करायचे काय? निदान दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, माध्यमांतराच्या तासाला कादंबरी आणि चित्रपट यांच्यामध्ये जी तिसरी संहिता असते, ती पटकथा, विद्यार्थ्यांच्या हातात द्यावी. दोन, 'चित्रपटात काय दिसते' या प्रश्नाबरोबर 'जे दिसते ते पाहायला आपल्याला कोणत्या वाक्याने तयार केले' हा प्रश्न विचारावा. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेल्या 'सामना'कडे जरी या प्रश्नाने पाहिले, तरी जब्बार पटेलांच्या चौकटींत विजय तेंडुलकरांची लेखणी कुठे कुठे काम करते, ते दिसू लागेल. आणि त्याने पटेलांचे काही कमी होणार नाही.

वाइल्डर २७ मार्च २००२ रोजी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेला. लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या थडग्यावर, आपण लेखक आहोत, अशी कबुली आणि तिच्या जोडीला डायमंडच्याच त्या प्रसिद्ध वाक्याची मिश्किल पुनरुक्ती आहे. दिग्दर्शक हा शब्द तिथे नाही. सहा ऑस्कर मिळवलेल्या माणसाने अखेरच्या दगडावर स्वतःसाठी जे नाव निवडले, त्याची लाज निदान साहित्याच्या प्राध्यापकांना तरी वाटू नये.